माझं उर्दू घड्याळ

घड्याळाचे आकडे कोणत्या बाजूनं मांडायचे, हा प्रश्न माझ्याआधी हिंगोलीत कुणाला पडला नव्हता. लोक सुखात होते. कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की कामाला जायचे, पोटात कावळे ओरडले की जेवायचे, आणि कुणी वेळ विचारलीच तर उन्हाकडे बघून काहीतरी सांगून मोकळे व्हायचे. अशा गावात मी घड्याळं करायला काढली आणि त्यापायी माझ्याच घरातलं बोलणं बंद पडलं. कसं ते सांगतो. मधे हसू नका. हसणारे तेव्हा पुष्कळ झाले.

दोष लढाईचा. लढाई तिकडं विलायतेत चालली होती, पण इकडं हिंगोलीत रॉकेल मिळेना, सुया मिळेनात आणि घड्याळ तर औषधालाही मिळेना. गजराची घड्याळं यायची जर्मनीहून. आता जर्मनीशीच लढाई म्हटल्यावर ती घड्याळं कशाला पाठवतेय? एवढं राजकारण मलाही कळत होतं. मी कापसाच्या जिनात कारकून. दिवसभर गाठी मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हात शिवशिवत बसायचं. त्यात एक दिवस घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं आणि मी ते उघडलं.

आमच्या हिचं म्हणणं, उघडलं न्हाई, बिघडवलं. ही म्हणजे पार्वतीबाई, शिरड शहापूरची लेक. तिच्या मते पुरुषानं हातात पेचकस घेतला की घरातली एक वस्तू कमी होते. पण मी तुम्हाला खरं सांगतो, आतली चाकं ठणठणीत होती. वरचं पत्र्याचं खोकं तेवढं गंजून गेलं होतं. ते मी भिंतीपलीकडच्या महेबूबला दाखवलं. महेबूब सुतार. बाजा, चौकटी, बैलगाडीचे आरे, पाळणे, सगळं करायचा आणि प्रत्येक गोष्ट करताना आपल्यासारखं काम निजाम सरकारच्या मुलखात दुसरा कोणी करत नाही असं सांगायचा.

"राव, पेटी मी करतो," तो म्हणाला. "अस्सल सागाची. जीव तुमचा, कुडी माझी. बघा कसं लोक लाईन लावतेत."

झालं. जुन्या छावणीच्या बाजूला एक भंगारवाला बसायचा. इंग्रजांची पलटण जाऊन किती वर्षं लोटली, तरी त्याच्याकडं पलटणीचं भंगार संपत नव्हतं. त्याच्याकडून आम्ही मेलेली घड्याळं आणली, ग्रामोफोनच्या कमानी आणल्या, शिलाई मशीनचं एक चाक आणलं, शिपायांच्या कोटाची पितळी बटणं आणली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून काटे केले. बारा, तीन, सहा आणि नऊ या जागी बटणं ठोकली. पहिलं घड्याळ तयार झालं तेव्हा महेबूबची बायको खुर्शीदबी ओढणी सावरत बघायला आली आणि म्हणाली, "अच्छा है. अंदर क्या रखते इसमें? लवंगा?"

अपमान गिळायची मला तेव्हापासून सवय झाली.

घड्याळ चालायचं, पण त्याला एक खोड होती. सरळ टांगलं की थांबायचं आणि डावीकडं थोडं कललं की टकाटक चालायचं. आम्ही सगळं खोलून परत बसवलं, तेल घातलं, महेबूबनं तर फुंकर मारून काहीतरी पुटपुटूनही पाहिलं. काही उपयोग नाही. शेवटी समोरचे उत्तमराव आले. उत्तमराव रेल्वेत पार्सल बाबू होते आणि पेन्शनीत निघाले होते. ज्यानं रेल्वेची भाकर खाल्ली त्यालाच वेळेतलं कळतं, असा त्यांचा ठाम समज. आमच्या धंद्यात त्यांचं भांडवल नव्हतं, मेहनत नव्हती, फक्त सल्ला होता, आणि तो ते बिनव्याजी देत.

"येडे हाव का रे?" उत्तमराव म्हणाले. "विकतानाच सांगायचं, हे वाकडंच टांगायचं असते. नव्या तऱ्हेचं हाय म्हनायचं."

तसं सांगून पहिलं घड्याळ आम्ही तांड्यावरच्या थावरा नाईकाला विकलं. पुढच्या बाजारी थावरा घड्याळ काखेत मारून परत. "राव, मी वाकडं टांगतो, आन घरची उठली की सरळ करते. म्हनते, पावने हसतेत. आता तिला समजावू का घड्याळाला?" महेबूबनं मुकाट्यानं पेटीच्या आत, यंत्राच्या एका कोपऱ्याखाली लाकडाचा तुकडा ठोकून दिला. मग पेटी सरळ दिसायची आणि आतलं यंत्र वाकडं बसायचं. थावरा खूश झाला. आम्ही तर स्वतःवर इतके खूश झालो की त्या आठवड्यात आमच्याशी बोलणं अवघड होतं.

तर असा धंदा नीट चालू असताना पेशकार साहेब आले.

आमच्या गावात एक सरकारी कचेरी होती. कोणत्या खात्याची ते सांगत नाही, कारण तिथले लोक अजून हयात आहेत आणि मला अजून दाखले लागतात. पेशकार साहेब म्हणजे तिथल्या बड्या साहेबांच्या उजव्या हाताशी बसणारा माणूस. ते महेबूबकडं पलंग बघायला आले आणि भिंतीवर आमचं घड्याळ पाहून थबकले. कचेरीतलं जुनं घड्याळ बंद पडलेलं. चाँद पाशा नावाचा चपराशी व्हरांड्यात टांगलेली काशाची थाळी, म्हणजे तास, बडवून वेळ सांगायचा, ती अंदाजानं. बडे साहेब दौऱ्यावर निघायच्या आत भिंतीवर नवं घड्याळ पाहिजे होतं.

"हिंदसे उर्दू में हों," पेशकार साहेब म्हणाले. हिंदसे म्हणजे आकडे. "और घंटा ऐसा बजे कि सडक तक सुनाई दे."

सरकारी घड्याळ! त्या रात्री मला झोप लागली नाही. सरकारात एकदा आपलं घड्याळ लागलं की मग काय, औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत प्रत्येक कचेरीत माझंच घड्याळ.

आता घंटा. आम्ही काय काय वाजवून पाहिलं म्हणून सांगू! वाटी वाजवली, पातेल्याचं झाकण वाजवलं, बैलाच्या गळ्यातली घागर वाजवली. उत्तमराव म्हणाले, रुळाचा तुकडा टांगा, स्टेशनात तोच असतो. तो टांगला असता तर कचेरीची भिंत साहेबांच्या डोक्यात आली असती. बाजारात नवी घंटा नाही, कारण पितळ सगळं तोफगोळ्यांत गेलेलं. आणि त्याच वेळी पार्वतीबाई श्रावणी सोमवारांसाठी औंढ्याला तिच्या मावशीकडं गेलेली. घरात मी एकटा, देव्हारा, आणि देव्हाऱ्यातली घंटा.

ही घंटा साधी नव्हती. ती पार्वतीबाईच्या आईची. तिची आई दिवेलागणीला ती घंटा वाजवायची आणि शिरडच्या शिवारात उंडारणारी सगळी लेकरं आवाज ऐकून घरी पळायची. आई गेली. पुढं हिचं लग्न झालं तेव्हा बापूंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाठवणीच्या वेळी दागिन्यांच्या आधी ती घंटा हिच्या ओटीत घातली. हे मला सगळं ठाऊक होतं. पण मी म्हटलं, सरकारचं काम आहे, चार दिवसांत दुसरी घंटा बघू आणि ही परत आणू. शिवाय आवाज! तसा आवाज पुन्हा मिळणार नव्हता. एकदा वाजली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची.

मी घंटा महेबूबकडं नेली आणि धोतर बदलून येतो म्हणून घरी गेलो. परत येऊन बघतो तर त्यानं करवतीनं तिची मूठ कापून टाकलेली.

"अरे! काय केलंस हे?"

"मूठ लागत न्हाई ना राव. पेटीत बसत नव्हती. त्यो गरुड मी खिळ्याच्या डब्यात ठेवलाय. सांभाळून." मुठीच्या टोकाचा गरुड खरंच डब्यातून माझ्याकडं बघत होता.

मोठा काटा बारावर आला की मागची दांडी उचलायची आणि घंटेवर पडायची. दर तासाला एकच टोला. किती वाजले ते डोळ्यांनी बघावं, वाजले एवढं कानांनी ऐकावं, अशी आमची वाटणी. आठवडाभर कागदाची मराठी तबकडी लावून आम्ही ते चालवलं. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. राहिले ते फक्त उर्दू आकडे, आणि इथंच घात झाला.

आकडे मला येत होते. जिनातल्या परवान्यांवर रोज बघायचो. अक्षरही माझं वळणदार. मी काळा रंग कालवला, तबकडीवर वर बाराचा आकडा काढला आणि एक काढायला उजवीकडं हात नेला. तेवढ्यात महेबूब ओरडला, "ओ राव! तिकडं कुठं चालले? उर्दू हाय ते!"

"मग?"

"मंग काय? उर्दू उजवीकडनं निघते आन डावीकडं जाते. आमच्या बापजाद्यांत कुनी चूक केली न्हाई त्यात." महेबूबला स्वतःला उर्दूचं अलिफसुद्धा वाचता येत नव्हतं. पण अभिमानाला वाचायची गरज नसते.

मी म्हटलं, "अरे, पण स्टेशनातलं घड्याळ?"

"ते इंग्रजी!" उत्तमराव ओट्यावरून म्हणाले. ते सुपारी कातरत बसले होते. "इंग्रजी डावीकडनं सुरू होते, म्हून त्याचे आकडे तसे फिरतेत. मी जन्मभर पार्सलावर दोन्ही पाहिलं ना. इंग्रजी इकडनं येते, उर्दू तिकडनं येते, आन मधे दोघांची भेट होते. आकडे उलटे काढ रामकिशन. सरकारी काम हाय, साहेबाच्या भाषेचा मान राख." मग मी आधी कागदावर गिरवून ठेवलेले आकडे निरखत त्यांनी आणखी विचारलं, "आन पाचाच्या जागी हे शून्य काहून काढून राहिला?"

"ते शून्य नाही. उर्दूतला पाच तसाच असतो."

"बघ! पाचाचं शून्य होते, तिथं घड्याळ सरळ कसं राहील?"

तुम्ही म्हणाल, अक्कल कुठं गेली होती? मी सांगतो. तीन माणसं एका विचाराची झाली की अक्कल लाजून बाहेर जाऊन बसते. मला ते इतकं पटलं की आपल्याला हे आधी सुचलं नाही याचीच शरम वाटली. मी बाराच्या डावीकडं एक काढला, त्याच्या खाली दोन, आणि असं करत करत डावीकडून खाली उतरून उजवीकडून वर चढलो. रंग वाळायला रात्र लागली. सकाळी तबकडी बसवली, घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि थेट कचेरी गाठली.

काय तो सोहळा! अत्तर झालं, सरबत झालं. ठीक दुपारी बाराला चाँद पाशानं तासाचे बारा ठोके दिले आणि बड्या साहेबांनी स्वतःच्या हातानं काटे बारावर आणले. घंटा अशी वाजली की साहेबांच्या हातातलं सरबत हललं. "वाह!" साहेब म्हणाले. पेशकार म्हणाले, "वाह!" मग सगळ्या कारकुनांनी वरिष्ठतेनुसार वाहवा केली. साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि तसेच मोटारीत बसून दौऱ्याला निघून गेले. मीही हार न काढता मुद्दाम बाजारातून फिरून घरी आलो.

संध्याकाळी पार्वतीबाई औंढ्याहून परतली. मी हार घालूनच बसलो होतो. तिनं हाराकडं बघितलंही नाही. पाय धुतले, दिवा लावला आणि घंटेसाठी हात पुढं केला.

"अहो, घंटा कुठं हाय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात कचेरीकडून आवाज आला. टण्ण.

पार्वतीबाईचा हात तसाच हवेत राहिला. तिनं मान वळवली. लहानपणी शिवारात वळवत असेल तशी.

"ही माझ्या आईची घंटा हाय," ती म्हणाली. "ती कचेरीत काय करून राहिली?"

मी सगळं सांगितलं. सरकारचा मान, साहेबांचा हार, सगळं. मूठ कापली तेवढं गाळलं. ती ऐकून घेत होती. डोळ्यांत पाणी आलेलं, पण आवाज असा की मला हार टोचायला लागला.

"घट बसायच्या आदल्या दिशी बापू येऊन राहिले. आल्या आल्या ते देवापुढं ती घंटा वाजवतेत, दर वर्सी. त्यांना काय सांगू? तुमच्या लेकीनं आईला कचेरीत चाकरीला लावली म्हनून? घट बसायच्या आत घंटा देव्हाऱ्यात दिसली न्हाई तर मी बापूसंगं शिरडला जाते. तुमी आपलं घड्याळ शिजवून खा."

हे तिचं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यानंतर ती देवाशी बोलायची, मांजराशी बोलायची, भिंतीवरून खुर्शीदबीशी तर तासन्‌तास बोलायची, फक्त माझ्याशी नाही. आणि दर तासाला कचेरीकडून टण्ण आवाज यायचा, आणि ती जे काही करत असेल ते थांबवून माझ्याकडं बघायची. चोवीस तासांत चोवीस वेळा असं बघणारं माणूस घरात असलं की जेवण उतरत नाही. मुठीची गोष्ट खुर्शीदबीकडून कळली त्या दिवशी तर तिनं माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही, मग मीही ताटावरून उठलो. पलीकडं खुर्शीदबीनं महेबूबला दम भरला, "माँ की निशानी काटी तूने! जा, अब घडी से रोटी माँग." त्या रात्री धंद्यातले आम्ही दोन भागीदार ओट्यावर बसून फुटाणे खात होतो.

हार घालून घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घंटा परत मागायला निघालो, तर वाटेत चाँद पाशाच समोरून आला.

"रामकिशनराव, तुमारी घडी पीछे कू जारी."

"म्हणजे मागं पडतेय?"

"पडती नई, जाती! कल बारा के बाद ग्यारा बजे. ग्यारा के बाद दस. मैं चपराशी आदमी, मेरे कू समज में नई आया. पेशकार साब कू बी नई आया. मगर वो पढे-लिखे, बोले नई."

मी रस्त्यातच बोटानं हवेत तबकडी काढून पाहिली आणि तिथंच एका ओट्यावर बसलो. आकडे उलटे काढले खरे, पण आतली जर्मन चाकं बिचारी आपल्या रीतीनं सरळच फिरणार. त्यांना कुठं उर्दू येत होती? बारा वाजता घड्याळ बरोबर. खरा एक वाजला की काटा उजवीकडं जायचा, आणि तिथं मी काढलेला अकरा!

मग मी कचेरीत जाऊन सरळ म्हटलं, घड्याळ चुकलंय, काढून द्या, दुरुस्त करून आणतो. काढलं की घंटाही घरी, असा माझा डाव. पण कारकून मंडळी एकदम उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्यांना घड्याळ फार आवडलं होतं. जेवून खऱ्या दोनला परतलेल्या माणसाला ते दहा वाजलेले दाखवायचं, म्हणजे तो अगदी वेळेवर कामाला आलेला. संध्याकाळी खऱ्या पाचला त्यात सात वाजायचे, म्हणजे दोन तास जास्तीचं काम केलेलं. असं घड्याळ कोण सोडतो?

"बड्या साहेबांच्या हातानं लागलंय," मोठा कारकून म्हणाला. "आता ते सरकारी झालं. अर्ज करा. अर्ज घ्यायची वेळ अकरा ते एक."

मी अर्ज लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी जिनातून रजा काढून बराबर अकराला हजर झालो. कारकुनानं भिंतीकडं बोट केलं. घड्याळात एक वाजला होता.

"वेळ संपली."

"अहो, आत्ता कुठं अकरा वाजताहेत!"

"घड्याळ कुणी केलं?"

"मी."

"मग?"

अर्ज खिशात घातला. मी बाहेर जाऊन बसलो. दुपारी बाराला घड्याळातही बारा वाजलेले बघून पुन्हा आत गेलो. म्हटलं, आता तर अकरा आणि एकच्या मधे आहे ना? घ्या अर्ज.

"एक वाजून गेल्यावर जे बारा वाजतेत ते रातचे," तो म्हणाला. "रातच्याला कचेरी बंद असते." भर दुपारी बाहेर कावळे करपत होते.

मी तरी हटलो नाही. खरा एक वाजला, घड्याळात अकरा. मी धावत आत गेलो तर कारकून जेवायला गेलेला. जेवणं मात्र सगळ्यांची पोटाच्या घड्याळावर चालायची, त्यात काडीचा फरक नाही. दोनच्या सुमाराला तो पान चघळत परतला, त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, "दहाच वाजले की. एक तासानं या." मी एक तासानं गेलो तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते, आणि नऊला कचेरी उघडलेलीच नसते.

असं रोज चाललं. घट जवळ येत होते. पार्वतीबाईनं ट्रंक माळ्यावरून काढून उन्हात ठेवली होती. ती बोलली नाही, तरी ट्रंक बोलत होती. उत्तमरावांनी सल्ला दिला की मी अर्ज उलटा लिहावा. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा गप्प बसा म्हणालो, आणि ते बसलेही.

बापू यायच्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या व्हरांड्यात डोकं धरून बसलो होतो. शेजारी स्टुलावर चाँद पाशा, मांडीवर लाकडी हातोडा, समोर मुका तास. घड्याळ आल्यापासून त्याला तास वाजवायला बंदी होती.

"एक टोला!" तो एकदम म्हणाला. "बारा बजे बी एक, पाँच बजे बी एक. ये कोई घडी हुई? मैं बारा के बारा मारता था. लोगाँ सडक पे खडे होके गिनते थे." त्यानं मांडीवरचा हातोडा कुरवाळला. मलाही माझं दुःख कुणाला तरी सांगायचं होतं. मी घंटेची सगळी गोष्ट सांगितली. शिरडचं शिवार, आई, बापू, ट्रंक.

चाँद पाशानं हातोडा बाजूला ठेवला. मग उठला आणि झटकायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"अर्जी नक्को. घडी पे धूल है. सफाई मेरा काम है, और सफाई कू अर्जी नई लगती."

मी महेबूबला बोलावून आणलं. खऱ्या एकला जरा कमी असताना सगळे कारकून जेवायला उठले. पेशकार साहेब आतल्या खोलीत खुर्चीवर पेंगत होते. चाँद पाशा खालून फडकं मारत राहिला, महेबूब स्टुलावर चढला आणि मी स्टूल धरलं. महेबूबनं घंटेला पेच मारले होते, वरून सरस ओतला होता, आणि पुन्हा खात्रीसाठी खिळाही ठोकला होता. "माझं काम हाय राव, निघनार न्हाई," तो अभिमानानं म्हणाला. मी स्टूल हलवलं, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की आज निघायला पाहिजे. तो कान घंटेला लावून खिळा उपसत होता आणि तेवढ्यात मोठा काटा बारावर आला.

टण्ण!

महेबूब स्टुलावरून माझ्या अंगावर, मी चाँद पाशाच्या अंगावर. आतून पेशकार साहेबांचा आवाज आला, "क्या बजा?"

"ग्यारा, साब!" चाँद पाशा जमिनीवरूनच ओरडला.

"अच्छा," साहेब म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले.

घंटा महेबूबच्या हातात होती. पडता पडता त्याच्या वजनानंच ती उपसून आली होती. चाँद पाशानं उभं राहून कपडे झटकले, घड्याळ झटकलं, आणि व्हरांड्यात जाऊन त्यानं हातोडा उचलला. खरा एक वाजला होता, म्हणजे त्यानं एकच ठोका द्यायचा होता. पण इतक्या दिवसांचे थकीत ठोके त्यानं त्या दुपारी सगळे देऊन टाकले असावेत, कारण आम्ही गल्लीत पोचलो तरी तास वाजतच होता. पुढं साहेब दौऱ्यावरून आले आणि त्यांनी तबकडी बदलायचा हुकूम दिला म्हणतात. तो हुकूम अर्जाच्या वेळेत पोचला नाही, म्हणून तबकडी पुष्कळ दिवस तशीच होती.

महेबूबनं दुपारभर बसून सागाची मूठ कातली. पुन्हा पुन्हा पॉलिश केली, खिळ्याच्या डब्यातला गरुड काढून तिच्या टोकाला बसवला. खुर्शीदबी त्याच्या डोक्यावर उभी होती, म्हणून खिळा एकच मारला. आम्ही दोघं घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर बापूंच्या वहाणा, दाराशी पार्वतीबाईची बांधलेली ट्रंक.

आत बापू हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढं बसले होते. "पारू, घंटा दे वं," ते म्हणत होते. पार्वतीबाई निरांजनाची वात सरळ करत उभी होती. सरळच असलेली वात ती सरळ करत होती.

मी पुढं झालो आणि घंटा तिच्या हातात दिली. महेबूब दाराबाहेरूनच म्हणाला, "वैनी, लाकूड नवं हाय. आवाजाला हात लावला न्हाई, मदिन्याची शपथ."

तिनं नव्या मुठीवरून अंगठा फिरवला, गरुड नीट पाहिला. मग बापूंना न देता तिनंच घंटा वाजवली. आधी हळू, मग जोरात. बापूंनी डोळे मिटले. "तुही आई अशीच वाजवायची," ते म्हणाले. "सगळे येऊस्तर थांबत नव्हती." पार्वतीबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती वाजवतच राहिली. भिंतीपलीकडं खुर्शीदबीनं महेबूबला जेवायला हाक मारली, तीही आम्ही ऐकली.

आरती झाली. मी कोपऱ्यात उभाच. पार्वतीबाईनं पदरानं तोंड पुसलं, चुलीकडं बघितलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बोलली.

"अहो, किती वाजले? बापूंना भूक लागली असंल."

किती वाजले! मी सवयीनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर खिळा होता. घरातलं एकुलतं एक घड्याळ मीच उघडलेलं, त्याची चाकं थावराच्या तांड्यावर फिरत होती. औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत घड्याळं लावायला निघालेला मी, माझ्याच बायकोला वेळ सांगू शकत नव्हतो. मी दारात जाऊन समोरच्या ओट्यावर बसलेल्या उत्तमरावांना ओरडून विचारलं, "उत्तमराव, किती वाजले हो?"

उत्तमरावांनी सुपारी कातरायची थांबवली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "उर्दूत सांगू का मराठीत?"

माझ्या मागं पार्वतीबाई फस्सकन हसली. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना, आणि हातातली घंटा तिच्या हसण्याबरोबर वाजत राहिली.